स्टारचा पेचकस

मेंढरांना काही कळत नाही असं म्हणणारा माणूस मेंढरांत कधी राहिलेला नसतो. ती माणसाचं तोंड ओळखतात, वास ओळखतात, आणि सगळ्यांच्या आधी हाक ओळखतात. आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची हाक साखरा गावच्या शिवारात दुसऱ्या कुणालाच जमायची नाही. आधी जिभेवर घोळवलेला लांब हुर्र्र्, मग घशातून वर चढत जाणारं "याऽ गं बायांनो, याऽ याऽ", आणि शेवटी टाळूला जीभ लावून काढलेले दोन टचटच आवाज. एवढं झालं की माळावर पसरलेला कळप चरणं सोडून निघायचा. गावातली पोरं तिची नक्कल करायची, मीही करायचे. कळप मान वर करून बघायचा आणि तू न्हवंस, असं म्हटल्यासारखा पुन्हा चरायला लागायचा. हा अपमान मी लहानपणी रोज सोसला आहे.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणाला लागून बाभळीच्या काट्यांचा वाडगा. मेंढरं रात्री त्या वाडग्यात असायची, किंवा कुणी खतासाठी बोलावलं तर त्याच्या वावरात बसवलेली असायची. सकाळी जाग यायची ती कोकरांच्या ओरडण्यानं. मायचं भाकरी थापणं, चुलीवरचा मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा, लसणाचा ठेचा, आणि या सगळ्याला लोकरीचा वास. शाळेत पोरी नाक दाबायच्या. मी म्हणायचे, दाबा, तुमच्या अंगाला शेणाचा येतोय तो मी सांगते का? माझं तोंड तेव्हापासूनच असं आहे. आता वसमतला एका शाळेच्या कचेरीत दिवसभर कंप्युटर बडवते, तिथंही हेडमास्तर मला जरा बिचकूनच असतात.

कंप्युटर आमच्या घरात आणला तो माझ्या मोठ्या भावानं, नामा दादानं. हिंगोलीत तो एका कचेरीत कामाला होता, तिथं नवे कंप्युटर आले आणि जुन्यांपैकी एक ह्याला मिळाला. आम्हाला वाटलं होतं मोठं कपाटासारखं काही असेल. पाहिलं तर दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढंच डबडं, काळं, चकचकीत, वर कुठं जोड नाही की खिळा नाही. माय म्हणाली, "एवढंच? हे तर डब्यात मावतंय." दादा त्याच्यावर टायपिंग शिकला, मला शिकवलं, आणि एका संध्याकाळी त्याला काय लहर आली, कानाला लावायचं ते माईकवालं यंत्र आबांच्या तोंडापुढं धरून म्हणाला, "आबा, हाक मारा."

आबा लाजले. नव्या नवरदेवासारखे लाजले. "घरात बसून हाक कोण मारतंय? येड्यावानी करून राहिला तू." पण दादानं सोडलं नाही. मी चुलीपाशी होते, शेवटी हाक आली ती मला आतून ऐकू आली. आबांच्या अंगात लाजणं असलं तरी हाकेत नव्हतं. वाडग्यातली मेंढरं, नुकतीच बसलेली, धडपडून उठली, काट्याच्या फाटकाला येऊन भिडली. सगळे हसलो. दादानं ती हाक कंप्युटरात ठेवली आणि आम्ही विसरून गेलो. पुढं दादाला पुण्याकडच्या कंपनीत नोकरी लागली. डबडं घरीच राहिलं, मी त्याच्यावर शिकावं म्हणून. एक दिवस लाईट भपकन आली, भपकन गेली, आणि त्यानंतर त्याचा हिरवा दिवा काही लागला नाही.

आबा गेले ते थंडीत, माळावर, उभ्या उभ्या छातीत कळ येऊन. त्यावर मी इथं लिहिणार नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. एवढंच सांगते, की कळप त्यांच्याभोवतीच थांबला होता आणि कुणालाच जवळ येऊ देत नव्हता.

दहावं-तेरावं झालं, दादा नवी नोकरी म्हणून परत गेला, आणि मग खरी तकलीफ सुरू झाली. वाडग्यात पाणी पाजणं, कोकरं सांभाळणं, दूध काढणं हे सगळं मायच्या हातचं होतं, त्यात मेंढरं तिला बराबर ओळखायची. पण माळावर नेणारे आबा. तिथं मायच्या हाकेला कुणी विचारीना. सकाळी फाटक उघडलं की कळप बाहेर पडायचा आणि चार वाटांनी फुटायचा. माय एकीकडं, मी एकीकडं, पळून पळून नाकी नऊ यायचे. शिवारात हरभरा उभा, तूर उभी. एकदा घुसली मेंढरं की मालक दारात. आमच्या पिढ्या लोकांच्या वावरात मेंढरं बसवून जगल्या. त्या लोकांचंच पीक खाल्लं तर उद्या कोण बोलावणार? मामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, रोज येऊन एकच सांगायचा. "बाई, इकून टाक. बापईमाणूस न्हाई घरात. कळप हाकेवर चालतो, आन् हाक गेली." एक व्यापारी येऊन मेंढरं चाचपूनही गेला होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

मामाच्या त्या बोलण्यानंच मायला आठवलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "हाक कुठं गेली?" ती म्हणाली. "हाक त्या डबड्यात हाय."

मग दोघी उठलो. डबडं फळीवरून काढलं, फडक्यात बांधलं आणि हिंगोलीला नेलं. दुकानदारानं ते हातात फिरवलं आणि म्हणाला, "ठेवून जा, बघू आठ-पंधरा दिवसांत. नवी डिस्क टाकावी लागेल. जुनं सगळं जाईल." माय म्हणाली, "जुनं जाईल म्हणजे? आमाला जुनंच पायजे." तो हसला. हसण्यासारखंच होतं त्याच्या दृष्टीनं. मायनं डबडं त्याच्या हातून काढून घेतलं आणि येताना एसटीत अख्खा रस्ता मांडीवर धरून बसली.

रात्री दादाला फोन केला. त्यानं सांगितलं, डबडं उघडून आतली तळहाताएवढी डिस्क काढायची आणि पुण्याला पाठवायची, बाकीचं तो बघेल. "सोपं हाय," तो म्हणाला. लांब बसलेल्या माणसाला सगळंच सोपं असतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आमच्या घरचाच होता, फक्त उंटाच्या जागी कंपनीची खुर्ची.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर उघडायला बसलो. मायनं घरातली सगळी हत्यारं काढून अंगणात मांडली. लोकर कातरायची कात्री, खुरं तासायची सुरी, पोती शिवायचा दाभण, विळा, पकड आणि आबांचा टेस्टर. फोन मायच्या कानाला, डबडं माझ्यापुढं. दादानं आधी विचारलं, "वायरी काढल्या का?" काढल्या. "आता बटन दाबून धर जरा वेळ. आत लाईट उरलेली असती, ती निघून जाती." माय म्हणाली, "बंद पडल्यालं काय, त्याच्यात कसली लाईट?" तरी तिनं स्वतः अंगठ्यानं बटन दाबून धरलं, कोकराच्या तोंडात बोट धरतात तसं. मग दादानं विचारलं, "कशावर ठेवलाय?"

"घोंगडीवर," माय म्हणाली.

तिकडून दादा ओरडलाच. "घोंगडीवरून काढा! आधी काढा!"

"काहून? चांगली धुतलेली हाय, आबाच्या बैठकीची."

"माय, थंडीत घोंगडी झटकली की चटचट करती का न्हाई? अंधारात ठिणग्या दिसत्यात. ती ठिणगी आत गेली की सगळं जळंल. लोकर चालत न्हाई तिथं."

मायचं तोंड उतरलं. आमच्यात पाहुणा आला, घोंगडी. देव बसवायचा, घोंगडी. लग्न, घोंगडी. तिच्या दृष्टीनं तिनं त्या डबड्याला घरातला सगळ्यांत मोठा मान दिला होता. "घोंगडीवर देव बसतोय," ती पुटपुटली, "ह्याला काय झालं बसायला?" पण घोंगडी काढली, घडी घालून आत ठेवली आणि जेवायचा लाकडी पाट आणला. डबडं पाटावर बसलं. लोखंडाला हात लावून मग बस, असं दादानं सांगितलं म्हणून मी दारातल्या पहारीला हात लावला. मायनंही लावला, आणि वर नमस्कार केला.

आता उघडायचं कुठून? चारी बाजूंनी गुळगुळीत. सुरीचं टोक घालून बघू का, असं मी म्हणाले, तर दादा म्हणाला लोखंड अजिबात घालायचं नाही, आत पातळ पट्ट्या असतात, तुटतील. मी डबडं फिरवून फिरवून थकले. माय बघत होती. तिनं ते माझ्याकडून घेतलं, लंगडणारं मेंढरू पाडतात तसं उलटं केलं आणि खालचे चार रबरी पाय अंगठ्यानं चाचपले. एक पाय नखानं उचलला. खाली खोल भोक, आणि भोकाच्या तळाशी पेच. आम्ही दोघी एकदम हसलो. आबा गेल्यापासून घरात पहिल्यांदा हसलो.

टेस्टर त्या भोकात शिरेना, जाड होता. "कसला पेच हाय?" दादानं विचारलं. मी उन्हात धरून बघितलं. "चांदणीसारखा दिसून राहिला." "मग स्टारचा पेचकस लागंल," तो म्हणाला. "बारीक, लांब दांडीचा स्टार घे. दुसरा घालू नको." त्याचं एक न् एक अक्षर बरोबर होतं. तेव्हाच मी फोनवर दुसरा एखादा शब्द काढायला लावला असता तर, असं पुढं कितीदा मनात आलं. पण शब्द काढून घ्यायचा तरी कसा, जेव्हा तुमच्याकडं त्याच नावाची वस्तू आधीच असते?

सेनगावच्या दुकानात गेले. "पेचकस द्या, स्टारचा, बारीक, लांब." दुकानदारानं विचारलंसुद्धा, "चपटा का स्टार?" मी म्हटलं स्टार. आमच्याकडं दोनच जाती. एक चपटा, आणि दुसरा अधिकच्या चिन्हासारखा चार टोकांचा. त्या चार टोकांच्यालाच सगळा मुलूख स्टार म्हणतो. सायकलवाला म्हणतो, मोटारवाला म्हणतो, वायरमन म्हणतो. दादाही इथं असेपर्यंत तेच म्हणायचा. पण कंपनीत गेल्यावर त्याच्या हातात खरी सहा टोकांची चांदणी आली आणि त्याचा स्टार बदलला. आमचा तोच राहिला. पुण्याहून साखऱ्यापर्यंत येता येता एका शब्दाची दोन टोकं गळाली, आणि ते आम्हा तिघांपैकी कुणालाच कळलं नाही.

पेचकस भोकात बरोबर शिरला, तळाला टेकला, जरासा अडकलासुद्धा. मी फिरवला. कट्ट झालं. वाटलं सैल झाला. पुन्हा फिरवला, मग पेचकस नुसताच फिरायला लागला, लोण्यात फिरावा तसा. काढून बघितलं तर चांदणी गेलेली, नुसता गोल खड्डा. दुसऱ्या पेचाला हात लावायची हिंमत झाली नाही. दादाला फोन केला, त्यानं विचारलं, "टोकं किती हायत पेचकसाला?" मी मोजली. "चार." "सहा पायजेत," तो म्हणाला.

मामा आला आणि छिन्नी-हातोडा मागायला लागला. "एक ठोका टाकतो, दोन फाकं होत्यात." माय डबडं पोटाशी धरून उभी राहिली. "हात लावायचा न्हाई." मामा वाईट माणूस नव्हता. त्याला बहिणीचे हाल बघवत नव्हते, एवढंच. "बाई," तो खाली बसून म्हणाला, "मेंढरं काय कंप्युटरवर चालत्यात का? आबाची हाक ऐकून चार दिस येतील. मग? पुढं?" मायनं डबडं पुन्हा फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. तेव्हा आम्हाला पुढचं नकोच होतं. उद्या सकाळी फाटक उघडल्यावर कळप एका वाटेनं जावा, एवढंच हवं होतं.

दादानं सहा टोकांचा पेचकस हिंगोलीच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला. ती गाडी यायची होती नेमकी बाजाराच्या दिवशी. मी सकाळीच हिंगोलीच्या स्टँडवर जाऊन बसले. गाडी उशिरा आली. पुडकं माझ्या मुठीत मावलं. आत पेचकस, आणि दादाच्या सांगण्याप्रमाणं प्लास्टिकची एक पट्टी. परतीच्या गाडीत मी तो पेचकस कितीदा काढून बघितला. सहा टोकं. खरीच चांदणी. मला इतका आनंद झाला होता, की शेजारच्या बाईला दाखवला. ती म्हणाली, "सोन्याचा हाय का गं?"

गावात उतरले तर वाडग्याचं फाटक उघडं. मला वाटलं, माय माळावर घेऊन गेली असेल. पण माय उंबऱ्यात बसली होती आणि मामा अंगणात उभा होता.

सकाळी कळप फुटला होता, आणि अर्धा कळप एकाच्या ओल्या हरभऱ्यात शिरला होता. माय हाका मारून मारून घसा फुटेपर्यंत पळाली. मेंढरं पोट फुगेपर्यंत खात राहिली, आणि त्यातली काही वावरातच आडवी पडून मेली. वावराचा मालक आला. आबांच्या ओळखीचा माणूस, मायला पाणी दिलं आणि उरलेली मेंढरं हाकलायला लागला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी टेम्पो आला. मामानं विचारलं नाही, व्यापाऱ्यानं विचारलं नाही. मायच म्हणाली, "ने."

मी मूठ उघडून तिला पेचकस दाखवला. तिनं बघितला. "व्हय," ती म्हणाली, "चांदणीच हाय." आणि उठून चुलीकडं गेली.

वाडग्यात एकच मेंढी उरली होती. काळतोंडी नावाची म्हातारी, मागच्या पायानं लंगडी. व्यापाऱ्यानं तिला टेम्पोत चढवलीच नाही.

आता उघडून उपयोग तरी काय होता? पण दुसऱ्या दिवशी तिनंच पाट मांडला. तीन पेच लोण्यासारखे निघाले. ज्याची चांदणी मी घालवली होती, त्याच्या खड्ड्यात दादाच्या सांगण्यावरून सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा ठेवला, वरून पेचकस दाबला, सगळा जीव मनगटात आणून हळूहळू फिरवला. रबरानं पकड घेतली. पेच निघाला. प्लास्टिकची पट्टी जोडात घालून कडेकडेनं सरकवली, टक टक करत झाकण सुटलं. एवढं सोपं. एक पेचकस, एक पट्टी, रबराचा तुकडा. मी रडले ती तेव्हा, टेम्पो गेला तेव्हा नाही.

डिस्क मायनं सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. लोकर चालत नाही, हे ती विसरली नव्हती. गावातला एकजण पुण्याला निघाला होता, त्याच्याजवळ दिली. काही दिवसांनी, दिवस कलायच्या वेळी दादाचा फोन आला. "निघाली," तो म्हणाला. "आहे तशी हाय. ऐकवू का?"

मायनं फोनचा आवाज मोठा केला आणि अंगणात पाटावर ठेवला. आधी खरखर झाली. मग दादाचाच, तेव्हाचा आवाज, "आबा, हाक मारा." मग आबांचं लाजून खाकरणं. आणि मग तो लांब हुर्र्र्.

काळतोंडी वाडग्याच्या पार कोपऱ्यात बसली होती. ती उठली. पुढचे पाय, मग मागचा चांगला, मग लंगडा. "याऽ गं बायांनो" येईपर्यंत ती फाटकातून बाहेर आली होती, आणि टचटच झालं तेव्हा पाटापाशी येऊन उभी होती. तिनं फोन हुंगला. मग मान वर करून माळाच्या वाटेकडं बघायला लागली. कुणी येत नव्हतं, तरी बघत होती.

"ओळखली," माय म्हणाली. "बघ. बराबर ओळखली."

मला वाटलं संपलं. मी फोन उचलायला वाकले, तेवढ्यात त्यातून आम्ही सगळे हसल्याचा आवाज आला, वाडग्यात मेंढरं धडपडल्याचा आवाज आला, फाटकाला भिडल्याचा आला. अख्खा कळप तिथं होता. आणि आबांचा आवाज, हसू दाबत, दादाला म्हणणारा:

"झालं का रं? बंद कर आता ते. उगंच येतील मेंढरं."

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आबा समोर बसले असले की करायची तसा.

"येऊ द्या की," ती म्हणाली.